‘शून्य निकाल’चे पाच अर्थ : एकत्रित शोधप्रणाली घेणाऱ्या ग्रंथालय समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, ग्रंथालय समिती
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था

स. न. वि. वि.

ग्रंथालयाच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर एकच शोधपेटी ठेवायची आणि तिच्यामागे सगळे डेटाबेस जोडायचे, असे आपल्यापैकी अनेकांनी ठरवले आहे. काहींनी तर डेटाबेसांची जुनी यादीही मुखपृष्ठावरून काढून टाकली. विद्यार्थ्याला दहा दारे ठोठावायला लागू नयेत, हा हेतू चांगलाच आहे आणि आमचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो ही पेटी ज्या रीतीने निवडली जाते, जुजबी तपासली जाते आणि मग वाऱ्यावर सोडली जाते त्याला. पेटीत शब्द टाकला की पडद्यावर ‘शून्य निकाल’ उमटते, विद्यार्थी ‘या विषयावर मराठीत काहीच नाही’ असे धरून विषय बदलतो, आणि पुस्तक त्याच इमारतीतल्या कपाटात असते. त्याला उत्तर द्यायला संदर्भ विभागाच्या टेबलामागे आम्ही असतो, समिती नसते. म्हणून हे पत्र. आणि निविदेचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो, म्हणून ते खुले.

मराठी विषयावर काम करणाऱ्याचे साहित्य किती ठिकाणी विखुरले आहे ते आधी पाहा. स्वतःच्या ग्रंथालयाची तालिका, म्हणजे पुस्तकांची नोंदसूची, कोहा किंवा सोल या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये. प्रबंध शोधगंगा या देशपातळीवरच्या प्रबंध-संग्रहावर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले, तेव्हापासून तो साठा वाढतोच आहे. इतर विद्यापीठांची पुस्तके इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या इंडकॅट या संघतालिकेत (अनेक ग्रंथालयांच्या एकत्र तालिकेत). आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय वेगळे. संस्थेचे डीस्पेसवरचे स्वतःचे डिजिटल भांडार असेल तर ते वेगळे. शिवाय मुंबईची एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय यांचे संग्रह आपापल्या जागी. त्यात आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना १ जानेवारी २०२५पासून खुली होऊ लागली. ही जवळजवळ सगळी इंग्रजी. म्हणजे पेटीमागचा तराजू एका रात्रीत एका बाजूला झुकला, आणि पेटीची रचना मात्र तशीच राहिली.

या पेटीमागे दोन वेगळ्या यंत्रणा असू शकतात, हे निविदा लिहिणाऱ्याला ठाऊक हवे. पहिली थेट विचारणा. आपण शब्द टाकला की प्रणाली त्याच क्षणी प्रत्येक स्रोताला तो प्रश्न पाठवते. त्यासाठी १९९८ साली आयएसओ २३९५० म्हणून मान्य झालेला झेड ३९.५० हा प्रोटोकॉल किंवा त्याचा वेबवरचा वारस एसआरयू वापरतात. तेही नसेल तर स्रोताचे वेबपान वाचून त्यातून निकाल खरवडून काढतात. दुसरी यंत्रणा आधी गोळा केलेल्या निर्देशांकाची, म्हणजे शोधासाठी बांधून ठेवलेल्या सूचीची. ओएआय-पीएमएच या पद्धतीने सगळ्यांच्या नोंदी रात्रीत आणून एका ठिकाणी ठेवायच्या आणि शोध तिथेच घ्यायचा. पहिली ताजी पण हळू, दुसरी चपळ पण शिळी. बहुतेक ठिकाणी दोन्हींची खिचडी असते. बिघाड दोन्हींत वेगवेगळ्या जागी होतात, आणि पडद्यावर मात्र सगळे बिघाड एकाच चेहऱ्याने येतात: शून्य.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार याच शून्याबद्दल आहे.

‘शून्य निकाल’ या दोन शब्दांमागे निदान पाच गोष्टी असू शकतात. एक, त्या स्रोताला विचारलेच नाही: तो निवडीत नव्हता किंवा त्याची जोडणी बंद आहे. दोन, विचारले, पण ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. तीन, विचारले, पण स्रोताला प्रश्नच कळला नाही. झेड ३९.५०मध्ये शीर्षकासाठी ४, लेखकासाठी १००३, विषयासाठी २१ आणि ‘कुठेही’साठी १०१६ असे क्रमांक पाठवतात. समोरच्या सर्व्हरवर विषयाचा निर्देशांक बांधलेलाच नसेल तर तो ११४ क्रमांकाचा निदान-संदेश परत पाठवतो. अर्थ असा की ‘हे क्षेत्र मला माहीत नाही’. हा संदेश वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, मध्येच गिळला जातो. चार, विचारले आणि कळलेही, पण एकाच वेळी किती जणांनी वापरायचे ही परवान्यातली मर्यादा संपली होती, किंवा घरून आलेल्या वाचकाचे लॉगिन पुढे पोचले नाही. आणि पाच, त्या स्रोतात खरोखरच काही नाही.

संशोधकाच्या दृष्टीने पाचवे शून्य हा निष्कर्ष असतो. पहिली चार शून्ये म्हणजे प्रणालीचा बिघाड किंवा मर्यादा. चारही बिघाड पाचव्याच्या वेषात दाखवणे ही फसवणूक आहे, मग ती कोणी मुद्दाम केलेली नसली तरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आडात पाणी आहे, दोरी तोकडी आहे, आणि वर येणारा रिकामा पोहरा आड कोरडा असल्याचे सांगतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. निकालांच्या वर एक बारीक पट्टी हवी: ‘९ पैकी ७ स्रोतांनी उत्तर दिले’. तिच्यावर बोट ठेवले की प्रत्येक स्रोताची एक ओळ उघडावी: नाव, स्थिती, किती नोंदी आहेत, त्यांतल्या किती आणल्या, आणि उत्तर आले नसेल तिथे ‘पुन्हा विचारा’ हे बटण. स्थिती साध्या मराठीत लिहावी: ‘उत्तर आले नाही’, ‘विषयानुसार शोध या स्रोतात होत नाही, सर्व क्षेत्रांत शोधू का?’, ‘यासाठी लॉगिन लागेल’. ‘नोंद सापडली नाही’ हे शब्द फक्त पाचव्या प्रसंगासाठी राखून ठेवावेत. ज्या स्रोताची मुळात जोडणीच होऊ शकत नाही (आणि मराठीतले कितीतरी महत्त्वाचे संग्रह या गटातले आहेत) त्याचे नाव याच पट्टीखाली ‘इथे वेगळे शोधावे लागेल’ असे लिहून दुव्यासह द्यावे. ते लपवण्यात लाज कसली?

जर्मनीतल्या कार्ल्सरूहचा केव्हीके हा एकत्रित शोध १९९६पासून चालू आहे. त्याच्याकडे स्वतःचा डेटा नाही; तो फक्त इतर तालिकांना विचारतो. कोणत्या तालिकांना विचारायचे त्यावर वाचक खूण करतो आणि निकाल तालिकेगणिक वेगळे येतात. दिसायला सुंदर म्हणावे असे त्यात काही नाही, पण कोणी काय उत्तर दिले हे त्यात लपत नाही. आमच्या मते आजच्या बऱ्याच चकचकीत पेट्यांपेक्षा तो वापरायला अधिक सरळ आहे.

वेळेबद्दलही थोडे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात: एका सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष उडते. सर्वांत हळू स्रोताची वाट पाहत पान कोरे ठेवणे म्हणजे सगळ्या वर्गाला एका उशिरा येणाऱ्यासाठी उभे करणे. ज्यांची उत्तरे आली ती लगेच दाखवावीत, बाकीच्यांची येतील तशी. पण नवे निकाल आले म्हणून वाचत असलेली यादी डोळ्यांदेखत वरखाली सरकता कामा नये. मोबाइलवर तर बोट एका नोंदीवर टेकवावे आणि उघडावी दुसरीच, असे होते. नवे निकाल आपापल्या स्रोताच्या चौकटीत किंवा ‘आणखी १८ नोंदी आल्या, दाखवू?’ अशा बटणामागे थांबावेत. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या वाचकाला हीच सूचना त्याचे वाचन मध्येच न तोडता ऐकू जावी. दहाव्या सेकंदाला जो आला नाही तो ‘उत्तर आले नाही’ म्हणून नोंदवून टाकावा.

दुसरी तक्रार मराठीबद्दल आहे, आणि ती आम्ही लांबण लावून सांगणार आहोत, कारण पुरवठादाराच्या प्रात्यक्षिकात हा विषय निघतच नाही. तिथे नेहमी एखादा इंग्रजी शब्द टाकतात, तोही असा की कुठेही टाकला तरी दहा हजार निकाल यावेत. एकदा त्यांना ‘शेतकऱ्यांच्या’ टाकायला सांगा.

या शब्दातले ‘ऱ्य’ मराठी संगणकावर निदान तीन प्रकारे साठवलेले सापडते. पहिला योग्य प्रकार: ऱ (युनिकोड या अक्षरसंकेत-प्रणालीत क्रमांक ०९३१), हलन्त आणि य. दुसरा: साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. तिसरा प्रकार घाईतल्या टंकलेखनाचा, ‘शेतकर्यांच्या’, म्हणजे रफार. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणे) केले की सगळे सुरळीत होते, असे पुरवठादार सांगतात. ते अर्धसत्य आहे. र आणि नुक्ता वेगळे टंकले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करते. पण अदृश्य जोडचिन्हाला ते हात लावत नाही. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या क्रमांकावर २००८मध्ये आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही असंख्य नोंदींत ते अ आणि अर्धचंद्र (०९०५, ०९४५) असे दोन तुकड्यांत आहे. हे दोन्ही एनएफसीच्या दृष्टीने समान नाहीत. ‘ॲसिड’ शोधणाऱ्याला ‘अॅसिड’ सापडत नाही आणि का सापडत नाही हे त्याला उभ्या जन्मात कळणार नाही, कारण दोन्ही शब्द त्याला एकच दिसतात. ‘ऑ’ आणि ‘आ’वर अर्धचंद्र, ही तशीच दुसरी जोडी. म्हणून निर्देशांक बांधताना आणि प्रश्न घेताना, दोन्ही टोकांना, या जोड्यांची बदलयादी लावावी लागते. ती दहा-पंधरा ओळींची असते. कोणी मागितली नाही म्हणून ती लावलेली नसते.

पुढे शुद्धलेखन. मराठी लेखनाचे आजचे नियम १९६२चे, त्यांत १९७२मध्ये भर पडली. त्याआधीची पुस्तके ‘नांव’, ‘कांहीं’, ‘साधनें’ अशी छापली आहेत, आणि तालिकाकाराने पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ पाहून शीर्षक जसेच्या तसे उतरवले तर ते त्याचे बरोबरच आहे. आजचा विद्यार्थी ‘साधने’ टाकतो. म्हणजे राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’सारखा ग्रंथ प्रणालीला सापडेल की नाही, हे एका टिंबावर ठरते. उलट सगळे अनुस्वार सरसकट पुसून टाकावेत तर ‘मांस’ आणि ‘मास’ एक होतात. त्यासाठी निर्देशांक दोन ठेवायचे: एक जसाच्या तसा, दुसरा सैल. सैल निर्देशांकात अनुस्वार गाळलेले, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले आणि ‘सन्त’चे ‘संत’ केलेले. हे शेवटचे करताना अनुनासिक त्याच वर्गातल्या पहिल्या चार व्यंजनांपैकी एखाद्याआधी असेल तरच बदलावे. ‘अन्न’ आणि ‘जन्म’ यांना धक्का लागता कामा नये. तंतोतंत जुळलेली नोंद वर, सैल जुळलेली खाली, आणि खालच्या गटावर ‘मिळत्याजुळत्या लेखनाच्या नोंदी’ अशी पाटी.

मग सामान्यरूप. विद्यार्थी ‘पाणी’ शोधतो, शीर्षकात ‘पाण्याचे’ असते. अनुभवी वाचकाला आपण शब्दापुढे तारांकन लावायला शिकवतो, पण ‘पाणी*’ टाकून ‘पाण्याचे’ कधीच मिळणार नाही, कारण शेवटची ईकाराची मात्राच रूप बदलताना जाते. ‘पाण*’ टाकावे लागते. हे शोधपेटीखालच्या मदतीत एका ओळीत लिहिता येईल. त्याहून चांगले म्हणजे प्रणालीने मराठीची शब्दरूपे स्वतः हाताळावीत. इथे एक सापळा आहे. मराठीसाठी काही नाही म्हणून हिंदीचा तयार विश्लेषक (शब्दांची रूपे ओळखणारा आणि किरकोळ शब्द वगळणारा) लावून देतात. हिंदीत ‘कर’ हे क्रियापदाचे रूप शोधातून वगळण्याजोगे. मराठीत ‘कर’ हा अर्थशास्त्राचा अख्खा विषय. ‘विक्री कर’ शोधले आणि फक्त विक्री शोधली गेली, तर दोष कोणाचा?

रोमन लिपीची गोष्ट निराळी. कित्येक महाविद्यालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमनमध्ये आहेत, कारण तालिका सुरू झाली तेव्हा संगणकावर देवनागरी नव्हती. ‘कृषी’तला ऋकार कोणी आर-यू लिहितो, कोणी आर-आय. ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात डी-एन-वाय, जे-एन आणि जी-वाय अशी तिन्ही प्रकारे सापडते. परदेशी ग्रंथालयांच्या नोंदींत एएलए-एलसी या लिप्यंतर-पद्धतीने ‘इतिहास’च्या शेवटी आणखी एक ए येतो, जो आपल्याकडे कोणी टाकत नाही. मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या संगणकीय साच्यात मूळ लिपीतले शीर्षक ८८० या क्षेत्रात असते आणि ते रोमनमधल्या २४५शी जोडलेले असते. प्रणालीने ८८० वाचलेच नाही तर देवनागरी नोंद असूनही नसल्यासारखी. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटांत टंकलेल्या नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्या नसतील तर त्या शोधात येणारच नाहीत. त्याला शोधप्रणालीचा इलाज नाही. ते काम आपल्याच तालिकेत बसून करावे लागते, आणि त्यासाठी माणूस लागतो. त्या माणसाच्या पगाराची तरतूद निविदेत असते का, हे आपण पाहावे.

तिसरी तक्रार: सरमिसळ केलेल्या एका लांब यादीबद्दल. प्रत्येक स्रोत आपापल्या नोंदींना आपापल्या मापाने गुण देतो. एकाकडचे ९० आणि दुसऱ्याकडचे ९० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. दोन परीक्षा मंडळांची टक्केवारी तशीच्या तशी एका गुणवत्ता यादीत लावल्यासारखे ते होते. त्यातून यादी इंग्रजी नियतकालिकांच्या लाखो लेखांनी भरलेली असली, की पेटीत इंग्रजी शब्द टाकणाऱ्याला स्वतःच्या विद्यापीठाचा त्याच विषयावरचा मराठी प्रबंध चाळिसाव्या पानावर भेटतो. आणि देवनागरी शब्द टाकणाऱ्याला इंग्रजी लेख मुळीच भेटत नाहीत. उपाय म्हणजे चौकटी: पुस्तके, प्रबंध, लेख, हस्तलिखिते व जुनी नियतकालिके. प्रत्येकीत वरचे तीन ते पाच निकाल, एकूण संख्या आणि ‘सर्व पाहा’. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ही मांडणी रूढ केली; जपानी डब्यावरून तिला बेंटो म्हणतात. आपल्याकडे ताट-वाट्या म्हणायला हरकत नाही. देवनागरी शोधाच्या शेजारी ‘हाच विषय इंग्रजीत शोधा’ असे बटण द्यावे. परस्पर भाषांतर करून निकाल मिसळू नयेत.

यादीच्या डाव्या बाजूला असणाऱ्या गाळण्यांचेही (भाषा, साल वगैरेंनुसार निकाल गाळण्याच्या सोयीचेही) पाहा. समजा, एका स्रोताकडे ४,३०० नोंदी आहेत. थेट विचारणेत प्रणाली त्यांतल्या पहिल्या ५० किंवा १०० आणते आणि त्यांवरच गाळण्या मोजते. ‘मराठी (३)’ असे दिसते. तीन नोंदी पन्नासांतल्या आहेत, चार हजार तीनशेंतल्या नाहीत, हे वाचकाला कोण सांगणार? ‘नवीन आधी’ हा क्रमही त्या पन्नासांतलाच. आकड्यापुढे ‘आणलेल्या ५० पैकी’ हे शब्द लिहायला एका ओळीची जागा पुरते.

भाषेच्या गाळणीत आणखी एक भानगड आहे आणि ती आपल्या घरातली आहे. मार्कच्या ००८ क्षेत्रात ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा तीन अक्षरी संकेत असतो. इंग्रजी पुस्तकाचा साचा घेऊन मराठी पुस्तकाची नोंद केली आणि तो संकेत बदलायचा राहिला, की ते पुस्तक कायमचे इंग्रजी. तसेच सालाचे. जुन्या मराठी पुस्तकावर ‘शके १८२०’ असते. तालिकाकाराने ७८ न मिळवता १८२० उतरवले की ते पुस्तक पाऊणशे वर्षे म्हातारे होते, आणि ‘१८५० ते १९००’ अशी गाळणी लावणाऱ्याला ते दिसत नाही. दीड हजार ते १८४९ या सालांच्या मराठी मुद्रित नोंदी एकदा वेगळ्या काढून हाताने तपासल्या तरी यातला मोठा भाग निस्तरेल. त्या काळात छापलेली मराठी पुस्तके मुळात मोजकी.

दुबार नोंदी एकत्र करण्याच्या नादात आवृत्त्या आणि खंड गिळले जातात. १ जानेवारी २००७पासून आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक तेरा अंकी झाला. जुना दहा अंकी असेल तर पुढे ९७८ लावून, शेवटचा तपासअंक पुन्हा काढून मगच तुलना करावी. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नाही. तिथे नुसते शीर्षक आणि साल जुळले म्हणून खंड पहिला आणि खंड दुसरा एक करून टाकू नयेत. खंड, आवृत्ती आणि प्रकाशक जुळले तरच गुंडाळावे, आणि गुंडाळलेली नोंद वाचकाला उघडून पाहता यावी.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात. पेटीतला प्रत्येक शब्द प्रत्येक सशुल्क स्रोताला जातो. जिथे एकाच वेळी वापरणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे तिथे नको असलेल्या शोधांनी जागा अडतात आणि ज्याला खरेच काम आहे तो बाहेर उभा. वापराचे आकडेही फुगतात. म्हणूनच काउंटर या मापनपद्धतीत एकत्रित प्रणालीतून आलेले शोध वेगळ्या रकान्यात मोजतात. सदस्यत्व चालू ठेवायचे की नाही हे ठरवताना समितीपुढे कोणता रकाना येतो, हे विचारून घ्या.

आणि शेवटची तक्रार, बहुधा सर्वांत सोपी. जोडणी तुटते. स्रोताने पत्ता बदलला, पानाची रचना बदलली, प्रमाणपत्राची मुदत संपली, की त्या दिवसापासून तो स्रोत शून्य देतो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बाकीचे आठ उत्तरे देत असतात. गोळा केलेल्या निर्देशांकात उलटे होते: मूळ ठिकाणी काढून टाकलेली नोंद इथे जिवंत राहते आणि दुवा मेलेला निघतो. ओएआय-पीएमएचमध्ये स्रोताने काढलेल्या नोंदींची खबर ठेवायची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. जो स्रोत ती ठेवत नाही त्याच्या नोंदी ठरावीक काळाने संपूर्णपणे पुन्हा आणाव्या लागतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. पुढची निविदा निघण्याआधी स्वीकृती-चाचणी निविदेतच लिहावी. पंचवीस प्रश्न घ्यावेत, त्यांतले निदान पंधरा देवनागरीत: ऱ्य, ॲ, जुना अनुस्वार, सामान्यरूप आणि शके साल यांसाठी प्रत्येकी तीन. प्रत्येक प्रश्न आधी मूळ स्रोतात जाऊन विचारावा, मग पेटीतून, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. फरकाचे कारण पुरवठादाराने लेखी द्यावे. प्रश्न आपल्या ग्रंथालयाने निवडावेत, पुरवठादाराने नव्हे, आणि ते प्रात्यक्षिकाच्या दिवसापर्यंत त्याला दाखवू नयेत.

२. शून्याचे पाचही प्रकार पडद्यावर वेगळे दिसेपर्यंत अंतिम हप्ता देऊ नये.

३. मुखपृष्ठावरून काढलेली डेटाबेसांची यादी परत लावावी. पेटीच्या खाली लावली तरी चालेल.

४. पाच विद्यार्थ्यांना बसवून एक दुपार खर्च करावी. त्यांत एक जण मोबाइलवर काम करणारा, एक स्क्रीन रीडर वापरणारा आणि एक मराठी माध्यमातून आलेला असावा. ‘अमुक विषयावरचा प्रबंध, एक पुस्तक आणि एक लेख शोधा’ एवढेच काम द्यावे आणि शेजारी गप्प बसावे. मदत करण्याचा मोह होईल, तो आवरावा. जिथे विद्यार्थी अडला ती जागा टिपावी, दुरुस्त करून घ्यावी, आणि दुसऱ्या पाच जणांना बसवावे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६मुळे स्क्रीन रीडरची चाचणी ऐच्छिक राहिलेली नाही.

५. प्रत्येक स्रोतासाठी एक पहाऱ्याचा प्रश्न ठरवावा, ज्याचे उत्तर तिथे नक्की आहे. तो रोज पहाटे आपोआप विचारला जावा आणि उत्तर आले नाही तर सकाळी ग्रंथपालाला निरोप यावा. दुरुस्तीची मुदत देखभाल करारात कामाच्या दिवसांत लिहिलेली असावी.

६. शून्य आलेल्या शोधांची महिन्याची यादी, वाचकाची ओळख काढून, ग्रंथालयाला मिळावी. मराठी बदलयादीत काय घालायचे बाकी आहे हे त्या यादीतून कळते, दुसऱ्या कुठल्याही मार्गाने नाही. ही बदलयादी ग्रंथालयाच्या मालकीची असावी, म्हणजे पुरवठादार बदलला तरी ती सोबत जाईल आणि शेजारच्या विद्यापीठाला फुकट देता येईल.

७. तालिका दुरुस्तीसाठी (लिपी, भाषेचा संकेत, साल) मराठी वाचता येणारा निदान एक प्रशिक्षित माणूस, निदान एक वर्ष. प्रणालीच्या किमतीत हा खर्च धरला नसेल तर अंदाजपत्रक अपुरे आहे, असे समजून ते परत पाठवावे.

पहिल्या मागणीतले पंचवीस प्रश्न तयार करायला आम्ही बसायला तयार आहोत, त्यासाठी मानधन नको. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि बैठकीला संदर्भ विभागातल्या एकाला तरी बोलवावे.

आपले,
संदर्भ व तालिका विभागांत काम करणारे ग्रंथालय कर्मचारी